हयातीचा दाखला

आमच्या पेन्शनर मंडळात वाढदिवस साजरे करायची पद्धत नाही, कारण करायचे झाले तर ते एकाच दिवशी करावे लागतील. निम्म्याहून अधिक सभासदांची जन्मतारीख १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी गल्लीगल्लीतून पोरं गोळा करून आणायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरायचे आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या एका ओळीवर पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानं आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी धाराशिवच्या बाजारात हारांचा तुटवडा पडतो. माझाही हार त्यातलाच. मी कागदावर १ जून १९६१ चा. आई मात्र सांगायची, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पाऊस लागून राहिला होता आणि सुईण वढ्याच्या पल्याड अडकली होती. कुठल्या सालचा पोळा, असं विचारलं की म्हणायची, "तुज्या चुलत्याच्या लग्नाच्या पुढल्या साली."

म्हणजे माझं वय सरकारला पक्कं ठाऊक आहे आणि मला अंदाजानं. बरीच वर्षं मला यात फक्त विनोद दिसला. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, घरातली जुनी कागदं लावायला बसलो, तेव्हा दिसलं की आमच्या घरातल्या कुणाचंच कागदावरचं आयुष्य जगलेल्या आयुष्याशी जुळत नाही. कागद राजवटीबरोबर बदलत गेला. माणसं मात्र दहा-बारा वर्षांची होईपर्यंत जशी घडली, तशीच आतून राहिली. मधली चाळीस वर्षं नोकरी, प्रपंच, कर्ज, पोरांची शिक्षणं यांत ते आतलं माणूस दबून असतं. साठी उलटली की ते हळूहळू वर येऊन बसतं, आणि मग घरच्यांना वाटतं, हे असे कसे विचित्र वागायला लागले.

माझ्या वडिलांचं उदाहरण घेतो. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्माचं साल होतं १३३९. हे फसली साल. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार फसली सनावर चालायचा. इसवी सनातून पाचशे नव्वद किंवा एक्क्याण्णव वजा केले की ते साल मिळतं. महिन्यांची नावं आजुर, दै, बहमन अशी इराणी. आण्णांना कुणी वय विचारलं की ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "कागदाप्रमाणं मी शिवाजी महाराजांच्या आधीचा."

त्यांचं बालपण मोगलाईतलं. मराठवाड्याला पलीकडची माणसं मोगलाई म्हणायची आणि आमची माणसं शेजारच्या बार्शी-सोलापूरला इंग्रजी मुलूख म्हणायची. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. अलीकडं निजामाचा हाली शिक्का, पलीकडं इंग्रजांचा कलदार रुपया. सात हालीचे सहा कलदार हा हिशोब बाजारला जाणाऱ्या बाईलाही पाठ असायचा. आण्णा चौथीपर्यंत मराठीतून शिकले आणि पुढं सगळं उर्दूतून. गणित उर्दूतून, भूगोल उर्दूतून. घरात ओव्या आणि हरिपाठ, शाळेत अलिफ-बे. त्या काळी यात कुणाला अवघडल्यासारखं वाटत नव्हतं. राज्य ज्याचं त्याची भाषा शिकायची, पोटासाठी शिकायची, एवढाच तो मामला.

मग १९४७-४८ साल आलं. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं बार्शीकडं निघून गेली. हद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. आमच्याही घरातली बायका-पोरं बैलगाडीत घालून पाहुण्यांकडं नेऊन सोडली होती. त्या गाडीची, रात्रीच्या प्रवासाची, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवल्याची गोष्ट आण्णा रंगवून सांगायचे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गवरून आत आल्या आणि १७ तारखेला निजामानं हात टेकले. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज चढायचा. दर वर्षी १७ सप्टेंबरच्या झेंड्याला ते इस्त्रीची टोपी घालून जायचे.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मात्र ते बोलायचे नाहीत. फौजांच्या या पोलीस अ‍ॅक्शननंतर आमच्या जिल्ह्यात मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीला केली. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड, बीदर, गुलबर्गा यांच्याबरोबर आमच्या उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं, नाव होतं. तो अहवाल पासष्ट वर्षं फाइलीतच राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना वाचायला मिळाला. तोवर आण्णा गेले होते. एकदाच, मी नोकरीला लागलो त्या साली, ते सहज बोलता बोलता म्हणाले की त्यांचे गणिताचे मास्तर त्या दसऱ्यानंतर दिसले नाहीत. कुठं गेले, विचारलं. म्हणाले, "गेले." आणि उठून म्हशीला वैरण टाकायला गेले.

या माणसाला आयुष्यभर मराठीतून हिशोब करता आला नाही. कागदावर मांडता यायचा, पण मनात करायचा झाला की उर्दूच. शनिवारी किराण्याची यादी घेऊन ते ओट्यावर बसायचे, पेन्सिल कानाला, आणि ओठ हलायचे: सात अट्ठे छप्पन, नौ दूनी अठारह. कळायला लागल्यावर मी म्हणायचो, आण्णा, मराठीत म्हणा की. ते प्रयत्न करायचे, अडखळायचे आणि चिडायचे. पुढं कारकुनीत त्यांनी सगळं मराठी दप्तर सांभाळलं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला, हाली शिक्का गेला, आणे गेले, शेर-पायल्या गेल्या, सगळ्यांशी त्यांनी जुळवून घेतलं. अक्षर सुंदर, टिपणी नेमकी. साहेब लोक त्यांची मराठी वाखाणायचे. पण बेरीज करताना त्यांच्या तोंडून ते मास्तरच बोलायचे, जे एका दसऱ्यानंतर कुणाला दिसले नव्हते.

निवृत्तीनंतर त्यांनी हैदराबादहून येणारा उर्दू पेपर वाचायला सुरुवात केली. एस.टी. स्टँडजवळच्या पानटपरीवर तो शिळा होऊन यायचा. १९९२ नंतरचे दिवस होते, गल्लीत कुजबुज झाली. एका हितचिंतकानं सांगितलं, आण्णा, हे बरं दिसत नाही. आण्णा म्हणाले, "माझे डोळे त्या अक्षरावर शिकलेत, बाबा. म्हातारपणी त्यांना तेच सोपं जातं." मला तेव्हा त्यांची थोडी अडचण व्हायची. आज वाटतं, त्या उत्तराहून खरं उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. धर्म, देशभक्ती, इतिहास, असलं काही त्यांनी मधे आणलं नाही. डोळ्याला सोपं जातं, एवढंच सांगितलं.

यातली गंमत पुढंच आहे. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकालीन कागदपत्रांचे गठ्ठे बाहेर निघाले. खासरा पत्रकं, जनगणनेची कागदं, शाळांची रजिस्टरं. निम्मं उर्दूत, निम्मं मोडीत. वाचणार कोण? ज्यांना ही लिपी येते ती माणसं हुडकायला लोक गावोगाव फिरू लागले. आमच्या ओळखीतल्या एका मौलवीसाहेबांच्या ओसरीवर सकाळपासून पोरं बसलेली असायची, हातात झेरॉक्स, मोबाइलवर फोटो. आमचे आजोबा कोण होते, ते सांगा. ज्या अक्षराची गल्लीला शंका यायची, त्याच अक्षरात गल्लीची ओळख लिहिलेली निघाली. आण्णा त्या साली असते तर आमच्या ओट्यावर बसायला जागा उरली नसती.

मी कागदाला कमी लेखत नाही. गरिबाच्या पोराचा प्रवेश आणि नोकरी त्याच्यावर असते. ज्याला कागद लागत नाही त्यानंच कागदाला हसावं. पण त्या गठ्ठ्यांतून सरकारला काय लिहावंसं वाटलं तेवढंच निघतं. ज्यानं ते लिहून घेतलं तो अहलकार पाढे कुठल्या भाषेत म्हणत होता, हे त्यात नाही.

गावाच्या नावाचंही असंच. माझे आजोबा जन्मले ते धाराशिवात, जिल्हा नळदुर्ग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून हललं आणि धाराशिवला पुढं निजाम झालेल्या मीर उस्मान अली खानांचं नाव मिळालं. आण्णा जन्मले, वाढले ते उस्मानाबादेत. मी उस्मानाबादेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, कोर्टकचेऱ्या झाल्या, मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयानंही नामांतरावर शिक्का मारला, आणि आता माझा नातू ज्या गावाला सुटीत येतो ते पुन्हा धाराशिव. चार पिढ्या एकाच वेशीत राहिल्या आणि पत्ता दोनदा बदलला. आमच्या आईच्या तोंडी उस्मानाबाद कधी आलंच नाही. ती कायम "धाराशिव"च म्हणायची, आणि खेड्यापाड्यातली सगळीच म्हातारी माणसं तसंच म्हणायची. पण मी शाळामास्तर. फळ्यावर वर उजव्या कोपऱ्यात 'जि. उस्मानाबाद' हे इतकी वर्षं लिहिलं की आता हात आपोआप तिकडंच वळतो. घरात बोलताना धाराशिव, फॉर्म भरताना उस्मानाबाद. एक आईकडून आलेलं, एक शाळेकडून. आमची शेळी तेवढी सुटली. उस्मानाबादी शेळी जगभरच्या पुस्तकांत त्याच नावानं नोंदलेली आहे आणि तिला कुणी विचारायलाही गेलेलं नाही.

नावं बदलल्यानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यात म्हणू नये. माझी पदवी मराठवाडा विद्यापीठाची आणि माझ्या बायकोची, तिनं लेकरं मोठी झाल्यावर घेतलेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. विद्यापीठ एकच. त्या दोन कागदांच्या मधे नामांतराचा १९७८ चा ठराव आहे, जाळलेल्या दलित वस्त्या आहेत, लाँग मार्च आहे आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार आहे. तसल्याच एका वस्तीतून येऊन माझ्या वर्गात बसणारा मित्र आज निवृत्त बँक अधिकारी आहे. तो आपली पदवी भिंतीवर लावतो, मी माझी पेटीत ठेवतो. पदवी सारखीच, पण ती हातात येईपर्यंत कोण कुठून चालत आलं यावर ती कुठं ठेवायची हे ठरतं.

आता माझ्या स्वतःच्या विचित्रपणाकडं येतो. तो पाण्याचा आहे.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाचवीत होतो. गावाच्या विहिरीनं तळ दाखवला होता. तळाला एक कपार होती, तिच्यात झिरपून पाणी साठायचं. मोठा माणूस त्या कपारीत मावायचा नाही, म्हणून अंगानं बारीक पोरांना कासरा बांधून खाली सोडायचे. मी त्यातला एक. खाली गार, अंधार, वरती आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्या कडेनं डोकावणाऱ्या बायकांची डोकी. हातात पितळी वाटी. वाटीनं घागर भरायची. घाई केली की तळाचा गाळ उठायचा आणि वरून शिव्या यायच्या. घागर वर गेली की पुन्हा पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. झिरपताना आवाज येत नाही. कपारीतल्या ओल्या दगडावर चकाकी वाढत जाते, तेवढंच दिसतं.

आण्णा त्या वर्षी दुष्काळी कामावर हजेरीचं मस्टर सांभाळायला होते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती, असं पुढं वाचलं. मला आठवतं ते आमच्या गावाजवळचं, पाझर तलावाचं आणि खडीचं काम. बायका ओळीनं बसून दगड फोडायच्या, बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापली की कडांना चिरायची, आणि आजी तव्यावर तिच्याशी भांडायची. सुटीच्या दिवशी मी आण्णांबरोबर जायचो. पगाराच्या दिवशी रांग लागली होती. आण्णा झाडाखाली सतरंजीवर, पुढं मस्टर. रांगेत माझी धाकटी चुलती उभी होती. थोरल्या दिरापुढं तिनं कधी तोंड वर केलेलं नव्हतं. घरात आण्णा आले की ती आत जायची. तिचा नंबर आला. तिनं पदर नाकापर्यंत ओढला. आण्णांनी मान वर न करता, बाकीच्यांना विचारलं तसंच विचारलं, "नाव?" ती गप्प. मागच्या बाईनं तिचं नाव सांगितलं. आण्णांनी लिहिलं, शाईची डबी पुढं केली, तिनं अंगठा उठवला, पैसे घेतले. त्या रात्री घरात दोघांच्याही तोंडून त्याबद्दल शब्द निघाला नाही. मीही विचारलं नाही. अकरा वर्षांच्या पोराला सुद्धा कळलं होतं की दुष्काळानं आमच्या घरातला एक पदर ओढून सरकारी कागदावर ठेवला आहे.

या दोन गोष्टींनी मला कायमचं घडवलं. पुढं नोकरी लागली, घर बांधलं, उजनीचं पाणी शहरात आलं, तरी माझं घर पाण्यानं भरलेलं असतं. पिंप, हंडे, कळश्या, प्लास्टिकचे कॅन, जुन्या तेलाचे डबे. नळाला पाणी आलं आणि एखादं भांडं रिकामं राहिलं तर मला झोप लागत नाही. धाराशिवात यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण इथं नळ आठ-आठ दिवसांनी येतो आणि सगळेच भरून ठेवतात. अडचण पुण्यात होते.

मुलगा हिंजवडीला नोकरीला, फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. सून वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा त्यांच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून एका नळीनं पाणी सतत बेसिनमध्ये वाहून जाताना दिसलं. ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. मी नळीखाली बादली लावली. बादली भरली, दुसरी लावली. संध्याकाळी सून कामावरून आली तर स्वयंपाकघर ते बाल्कनी बादल्यांची रांग.

"बाबा, हे पाणी टाकून द्यायचं असतं."

"झाडांना घालतो."

"बाबा, आपल्याकडं तीनच कुंड्या आहेत."

मी जिने पुसले, बाल्कनी धुतली, गाडी पुसायला पाणी खाली नेलं. सोसायटीच्या वॉचमननं मुलाला फोन केला, तुमच्या घरी कुणी नवीन माणूस कामाला ठेवलाय का म्हणून. मुलगा हसला, सूनही हसली, मला मात्र रात्रभर त्या नळीचा आवाज येत होता. सून वाईट नाही. तिच्या लहानपणी पाणी म्हणजे पायरी उतरली की हात बुडवायची गोष्ट होती. ती पाण्याला घाबरली तर पुराच्या पाण्याला घाबरेल. दोघांच्याही वयाची बेरीज केली तरी आमचा या बाबतीत समेट होणार नाही, आणि तो व्हावा असंही मला आता वाटत नाही. मी गेलो की तिनं बादल्या उचलाव्यात. मी असेपर्यंत त्या राहतील, एवढं आमच्यात ठरलेलं आहे.

मुलाचाही एक विचित्रपणा आहे, तो त्याला माहीत नाही. झोपताना तो पलंगाची दाराकडची बाजू घेतो. ३० सप्टेंबर १९९३ ला तो पाच वर्षांचा होता. मी तेव्हा उमरगा तालुक्यात शिक्षक. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना धरणी हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत आठ-दहा हजार माणसं गेली. मारलं ते धरणीनं कमी, भिंतींनी जास्त. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवद, आणि माळवदावर वर्षागणिक चढत गेलेला मातीचा थर. जितकं घराणं जुनं आणि वाडा मोठा, तितकं ओझं जास्त. आमची भाड्याची खोली पत्र्याची होती म्हणून आम्ही वाचलो. त्यानंतर कितीतरी महिने सगळा भाग उघड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये झोपला. मुलाचे ते महिने त्या शेडमध्ये गेले. आज तो ज्या इमारतीत राहतो ती भूकंपाचा हिशोब धरून बांधलेली आहे, हे तोच मला समजावून सांगतो. सांगतो आणि दाराकडंच झोपतो.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी उठवली. ज्याची जमीन जेवढी, त्याप्रमाणं घर: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. जुन्या गावात गल्ली भावकीची होती, नव्यात ती चौरस फुटांची झाली. आणि तेव्हाच भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. आमच्या भागातलीही त्यात होती. ती पोरं आज चाळिशीच्या आत-बाहेर आहेत. त्यांच्यातला एक मध्ये भेटला. बोलणं शुद्ध पुणेरी, पोशाख नेटका. गप्पांत म्हणाला, सर, मी गावी जातो तेव्हा पाहुणा असतो आणि पुण्यात भूकंपग्रस्त. त्याचं बालपण दोन तुकड्यांचं. पहिला तुकडा लहान आहे, पण बोलता बोलता त्याचा आवाज बदलला तो त्याच तुकड्याच्या आठवणीनं.

बोलीचंही सांगतो. कॉलेजात असताना माझा मुलगा पुण्यात आमची बोली लपवायचा. फोन आला की खोलीबाहेर जायचा आणि दबक्या आवाजात "काय करूलालाव?" म्हणायचा. मित्र नक्कल करायचे. आता मोबाइलवर मराठवाडी बोलीतले व्हिडिओ लाखांनी बघितले जातात आणि हाच पठ्ठ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये मुद्दाम एखादं "कामून ओ?" टाकतो, लोक टाळ्या देतात. माणूस तोच, बोली तीच. काळानं फक्त लाजेचं खातं बदलून अभिमानाच्या खात्यात टाकलं. हे आण्णांच्या उर्दूबाबत त्यांच्या हयातीत झालं नाही, एवढाच फरक.

माझ्याबाबतीतही असलं एक खातं आहे. उमेदीच्या वयात मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांना जायचो, वर्गात पोरांना प्रश्न विचारायला शिकवायचो, आजही त्यातलं एक अक्षर मागं घेत नाही. पण नवरात्रात तुळजापूरच्या वाटेला आराध्यांचा संबळ वाजला की पाय थांबतात. आई परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची आणि मी तिच्या पदराला धरून असायचो. देवीचं काय ते देवी जाणे. माझे पाय आईसाठी थांबतात.

दर नोव्हेंबरात पेन्शनरला आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला. पूर्वी साहेबापुढं उभं राहिलं की काम व्हायचं, आता यंत्रावर अंगठा टेकायचा असतो. गेल्या खेपेला माझा अंगठा लागेना. खडूनं आणि वयानं रेघा पुसट झाल्या आहेत. काउंटरवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, काका, हात पुसून परत ठेवा. मी ठेवला. मग तर्जनी, मग डावा हात. मागं रांग वाढली. शेवटी डोळ्यांवरून झालं. तिनं पत्ता तपासला आणि विचारलं, इथं उस्मानाबाद आहे, बदलून धाराशिव करू ना? मी म्हटलं, करा. तिनं जन्मतारीख वाचली, मी मान हलवली. यंत्रानं मी हयात असल्याची पावती दिली. पावतीवर विहीर नव्हती, मस्टर नव्हतं, पोळ्याचा पाऊस नव्हता. ते तिथं असायचं कारणही नाही. बँकेला तेवढंच लागतं.

फक्त तेवढ्यावर आपणही आपली ओळख ठरवायला लागलो तर पंचाईत आहे, आणि सध्या चहूकडं तेच चाललंय. कुणाचं मूळ गाव कुठलं, आडनाव मूळचं काय, नोंद कुठली, पाटीवर कुठलं नाव. ही सगळी उत्तरं कपाटात मिळतील, घाई नाही. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे.

१९४८ साली निजामाच्या शाळेत सातवी-आठवीला असलेली मुलं आज नव्वदीत आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, भावकीत असं कुणी उरलं असेल तर दिवाळीच्या सुटीची वाट बघू नका. येत्या रविवारी जाऊन बसा. रझाकारांचं विचारा, त्यानंतरचंही विचारा, आणि ते गप्प झाले तर तिथं जोर करू नका. पाढे म्हणायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. घरात उर्दूतला जुना कागद असेल तर तोही बरोबर न्या आणि त्यांच्याकडूनच वाचून घ्या. पुढं तो वाचायला पैसे मोजावे लागतील, आणि मोजूनही वाचणारा मिळेल याची खात्री नाही.